ज्याला कुणीच अडवत नाही

आपल्याकडे 'फुटबॉल' म्हटलं की वाद कुठला होणार हे ठरलेलं असतं. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात माझा मावसभाऊ अमेरिकेहून घरी आला आणि रात्री जेवणं आटोपल्यावर म्हणाला, "चल, फुटबॉल बघूया," तेव्हा मी आनंदाने उशी घेऊन बसलो. दादाने लॅपटॉपवर लावली ती २००७ सालची एक जुनी मॅच. सोललेल्या नारळाच्या आकाराचा चेंडू, डोक्याला लोखंडी जाळीचं शिरस्त्राण आणि दर पाच सेकंदांनी शिट्टी. हा कसला फुटबॉल? यात पायाने चेंडू मारतात तरी कधी?

पण बाहेर धो धो पाऊस, आणि लाइट अजून गेली नव्हती, म्हणून बघत राहिलो. दहा मिनिटांनी एक गंमत लक्षात आली. मला चेंडू दिसत नव्हता. मला कशाला, कॅमेरा चालवणाऱ्यालाही दिसत नव्हता! मधून घुसलेल्या एका दांडग्या गड्याच्या मागे कॅमेरा धावला, चार जणांनी त्याला लोळवलं, ढीग झाला, ढीग उठला, तर त्याचे हात रिकामे. चेंडू पार दुसऱ्याच टोकाला, तिसऱ्याच माणसाच्या काखेत, वीस यार्ड पुढे गेलेला. मी म्हटलं, "दादा, मागे घे." त्याने घेतलं. तरी कळलं नाही. तिसऱ्यांदा घेतल्यावर दादा म्हणाला, "चेंडू बघू नकोस. असा माणूस शोध, ज्याला कुणीच हात लावत नाहीये."

तो माणूस सापडला आणि माझी ती रात्र गेली. हा लेख त्या माणसाबद्दल आहे, आणि ज्याने त्याला मोकळं सोडायचं ठरवलं त्या पॉल जॉन्सन नावाच्या प्रशिक्षकाबद्दल. वाङ्मय मंडळाच्या अंकात हे कशाला, असं आमच्या संपादिकेने विचारलंच. मी म्हटलं, आधी वाच, मग काप.

खेळाचे नियम पुस्तकभर आहेत, पण आपल्याला लागतात तेवढे थोडे. शंभर यार्डांचं मैदान. ज्या संघाकडे चेंडू, त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. गेला तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांचा. प्रत्येक प्रयत्न म्हणजे 'डाउन'. मी कॉलेजच्या कबड्डी संघात आहे, म्हणून मला ते असं समजलं: प्रत्येक डाउन ही एक चढाई. चढाई संपली, सगळे जागेवर, पुन्हा नवी. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. वर एक गुण लाथेने किंवा दोन गुण पुन्हा एकदा घुसून मिळवता येतात. पुढे चेंडू फेकायचा तर एका डाउनमध्ये एकदाच, तोही रेषेच्या मागे राहून. मागे किंवा बाजूला मात्र कितीही वेळा टाकता येतो. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच आहे.

दोन्हीकडे अकरा जण. चेंडू असलेल्या संघाचे मधले पाच धिप्पाड गडी फक्त वाट अडवायला आणि वाट काढायला असतात, त्यांना लाइनमन म्हणतात. त्यातला मधला, सेंटर, दोन पायांमधून चेंडू मागे देतो. घेणारा तो क्वार्टरबॅक. बहुतेक नामवंत कॉलेजांत हा क्वार्टरबॅक मागे सरकून लांब पास फेकतो, लाइनमन त्याच्याभोवती भिंत करतात, आणि अशा भिंतीसाठी सव्वाशे-दीडशे किलोंची माणसं लागतात.

आता ज्यांच्याकडे तशी माणसं नसतात त्यांनी काय करायचं?

अ‍ॅनापोलिसची नेव्हल अकॅडमी, म्हणजे अमेरिकेच्या नौदलाचे अधिकारी घडवणारं कॉलेज, याच अडचणीत होतं. (आपल्याकडे वेरेच्या आयएनएस मांडवीवर एकेकाळी नौदल अकादमी होती, ती २००९ मध्ये केरळात एळिमलाला गेली. तसंच काहीसं, फक्त मोठं.) तिथल्या मुलांना उंची-वजनाची मर्यादा, कारण उद्या जहाजावर आणि विमानात मावायचं असतं. पदवीनंतर किमान पाच वर्षं नोकरी बंधनकारक. ज्या मुलाला व्यावसायिक फुटबॉलमध्ये जायचंय तो तिथे येईलच कशाला? त्यामुळे मिळतात ती हुशार, चिवट आणि प्रतिस्पर्ध्यांपेक्षा वीस-तीस किलोंनी हलकी मुलं. २००१ साली या संघाने दहा सामने खेळले आणि दहाही हरले. २००२ मध्ये पॉल जॉन्सन मुख्य प्रशिक्षक म्हणून आला.

जॉन्सन नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागातला. स्वतः कधी कॉलेज फुटबॉल खेळलेला नाही. १९८५ च्या सुमारास जॉर्जिया सदर्न या तेव्हा फारशा कुणाला माहीत नसलेल्या कॉलेजात तो चढाईची बाजू सांभाळत होता. तिथे त्याने एक जुनी रचना घेऊन थोडी बदलली. ती जुनी रचना टेक्सासची, १९६८ सालची, नाव 'विशबोन'. क्वार्टरबॅकच्या मागे तीन धावपटू, इंग्रजी वाय अक्षरासारखे. जॉन्सनने तिघांपैकी मागच्या दोघांना उचलून पुढे नेलं आणि लाइनच्या दोन टोकांना, किंचित मागे, उभं केलं. हीच पुढे 'फ्लेक्सबोन' म्हणून ओळखली गेली. बदल दिसायला एवढासाच आहे. पण ते दोघे आता धावायला तयार, पुढे पळून पास घ्यायलाही तयार, आणि समोरच्याला वाट अडवायलाही तयार. तीन कामांतलं कुठलं करणार, ते उभं राहण्यावरून कळत नाही.

या दोघांना जॉन्सन 'ए-बॅक' म्हणतो. क्वार्टरबॅकच्या पाठीमागे, दोन पावलांवर, हात टेकून बसलेला दणकट गडी तो 'बी-बॅक'. दोन लांब पळणारे खेळाडू मैदानाच्या दोन्ही कडांना. रचना आरशात बघावी तशी: डावी बाजू आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी. यामागेही डोकं आहे. रचना एका बाजूला झुकलेली असेल तर बचाव करणारे त्या बाजूला एक माणूस जास्त ठेवतात. इथे झुकायचं कुणीकडे?

आता मूळ डाव, 'ट्रिपल ऑप्शन'. मी हा चार जणांना समजावलाय आणि चारही वेळा डबे, पेन आणि मिठाची बाटली वापरून. इथे शब्दांवर भागवावं लागेल.

समजा डाव उजवीकडे आहे. लाइनच्या उजव्या टोकाबाहेर उभा असलेला पहिला बचावपटू हा क्रमांक एक. त्याच्याही बाहेरचा दुसरा, तो क्रमांक दोन. या दोघांना कुणीही अडवायचं नाही, हा या डावातला पहिला आणि सगळ्यात विचित्र हुकूम. चेंडू सुटायच्या क्षणभर आधी डावीकडचा ए-बॅक उजवीकडे धावायला लागतो, बी-बॅकच्या मागून. चेंडू सुटतो. क्वार्टरबॅक वळून तो बी-बॅकच्या पोटाशी नेतो. बी-बॅक नाकासमोर आत घुसतोय. त्या अर्ध्या सेकंदात दोघांचेही हात चेंडूवर आहेत, आणि क्वार्टरबॅकची नजर चेंडूवर नाही, बी-बॅकवर नाही, ती आहे क्रमांक एकवर.

क्रमांक एक बी-बॅकवर तुटून पडायला आत वळला? चेंडू काढून घे. तो बाहेरच थांबला? चेंडू बी-बॅकला दे, तो आपला धावेल.

काढून घेतला, तर क्वार्टरबॅक उजवीकडे पळतो आणि त्याच्यासमोर येतो क्रमांक दोन. आता ए-बॅक त्याच्या तीन-चार यार्ड बाजूला, थोडा मागे, पळत आलेला आहे. क्रमांक दोन क्वार्टरबॅकच्या अंगावर आला, तर चेंडू अलगद ए-बॅककडे टाकायचा, मघाच्या त्या नियमाने, मागच्या बाजूला. क्रमांक दोन ए-बॅकला धरायला बाहेर सरकला, तर क्वार्टरबॅकने स्वतःच चेंडू घेऊन मधून सुटायचं.

तीन पर्याय म्हणून 'ट्रिपल'. आणि कुठला पर्याय, हे प्रशिक्षक ठरवत नाही. नीट बघितलं तर क्वार्टरबॅकही ठरवत नाही. ते ठरवतो समोरचा माणूस, आणि तो जे ठरवेल ते चुकीचंच असतं. आत आला तर चुकला, थांबला तर चुकला. आमचे कबड्डीचे सर सरावाला ओरडत असतात, "समोरच्याने पाय टाकेपर्यंत तू ठरवू नकोस!" तेच हे, फक्त इथे सगळं दोन सेकंदांत आणि शंभर किलोंचा माणूस अंगावर येत असताना.

पण याच्या मुळाशी साधी वजाबाकी आहे, आणि मला तीच जास्त आवडली. अकरा विरुद्ध अकरा म्हणतो आपण, पण तसं नसतं. चेंडू देणारा आणि चेंडू घेऊन पळणारा, हे दोघे कुणाला अडवू शकत नाहीत. म्हणजे अडवणारे उरले नऊ आणि समोर बचाव करणारे अकरा. दोन माणसं कायम जास्त. नेहमीचा प्रशिक्षक यावर उपाय काय करतो? आपले नऊ जण त्यांच्या अकरांपेक्षा मोठे आणि ताकदवान असावेत अशी सोय करतो. नेव्हीला ती सोय नव्हती. जॉन्सनने ते दोन जास्तीचे गडी हिशोबातूनच काढून टाकले. त्यांना कुणी हात लावायचा नाही, त्यांना क्वार्टरबॅकच्या निर्णयाने हरवायचं. आता उरले नऊ विरुद्ध नऊ. (अगदी काटेकोर हिशोब करणाऱ्यांसाठी: पिच घेणारा ए-बॅकही अडवायला मोकळा नसतो. पण दूरच्या कडेचा बचावपटू पोचेपर्यंत डाव संपलेला असतो, आणि रिकाम्या हाताने आत घुसलेला बी-बॅक एक-दोघांना घेऊनच पडतो. माझ्या कॅमेरावाल्याला धरून तीन.)

आणखी एक फायदा. ज्यांना अडवायचं नाही ते बहुधा समोरच्या संघाचे सगळ्यात घातक खेळाडू असतात. त्या दांडगटाला अडवण्यात तुमचे दोन लाइनमन खर्ची पडले असते. ते दोघे आता दुसऱ्याच कुणाला तरी जाऊन धरतात. तुमच्या हलक्या मुलाला त्यांच्या सर्वोत्तम माणसाशी झुंजायचंच नाहीये. तो सर्वोत्तम माणूस मैदानात आहे, ताजातवाना आहे, आणि निरुपयोगी आहे.

हे ऐकून माझा एक वर्गमित्र लगेच म्हणाला, "म्हणजे गनिमी कावाच की!" आपण मराठी लोक हा शब्द खिशातच घेऊन फिरतो. अर्धं बरोबर आहे. कमी ताकदीने जास्त ताकदीशी लढणं आहेच. पण गनिमी काव्यात शत्रूला तुम्ही कुठून येणार ते माहीत नसतं. इथे नेव्ही काय करणार हे स्टेडियममधल्या शेंगदाणेवाल्यालाही माहीत असतं. दर आठवड्याला तोच डाव, सामन्यात तीस-चाळीस वेळा तोच. लपवाछपवी फक्त त्या अर्ध्या सेकंदापुरती.

मग समोरचे त्यावर उपाय का शोधत नाहीत? शोधतात ना. बचावाचा ठरलेला उपाय म्हणजे कामं वाटून देणं: तू बी-बॅकला धर, मग त्याच्याकडे चेंडू असो नसो. तू क्वार्टरबॅकला. तू पिचवर. सगळ्यांनी शिस्तीत आपापलं काम केलं तर डाव अडतो. पण माणूस आहे. तीन वेळा बी-बॅकला रिकाम्या हाताने लोळवल्यावर चौथ्या वेळी त्याला वाटतं, आता चेंडू तिकडे जातोय, मी पण तिकडे धावतो. आणि त्याच वेळी बी-बॅक मधून साठ यार्ड जातो.

आणि जॉन्सन तेवढ्यावर थांबत नव्हता. इतर प्रशिक्षक बाजूरेषेवर हातात डावांचा मोठा तक्ता घेऊन उभे असतात. याच्या हातात बहुतेक वेळा काहीच नसायचं. तो एकच गोष्ट बघायचा: आत्ता टॅकल केला कुणी? त्यावरून बचावाने कामं कशी वाटलीत हे कळतं, आणि उत्तर तयार असतं. क्रमांक एक सारखा आत घुसतोय? ठीक आहे, आता त्यालाच अडवा आणि चेंडू थेट बाहेर पळवा. मधला जाडजूड गडी वरचढ होतोय? मग त्यालाच मोकळा सोडा आणि त्याच्यावरून निर्णय घ्या, या डावाला 'मिडलाइन' म्हणतात. आणि सगळ्यात मागचा राखणदार, ज्याचं काम खरं म्हणजे पास अडवणं, तो पिचवाल्याला धरायला पुढे पळत यायला लागला, की मग तेच चित्र, तेच धावणं, तोच बी-बॅकच्या पोटाशी नेलेला चेंडू, आणि क्वार्टरबॅक थांबून लांब पास फेकतो. ज्याने पास घ्यायचा त्याच्या आसपास कुणी नसतंच. पुढे जॉन्सन जॉर्जिया टेकला असताना २००९ च्या मोसमात डेमेरियस थॉमस या खेळाडूने ४६ पास झेलले आणि प्रत्येक पासमागे सरासरी २५ यार्ड काढले. क्वचित फेकायचा, पण फेकला की घाव बसायचा.

म्हणजे प्रत्येक डाव हा आधीच्या डावाला समोरच्याने दिलेल्या उत्तराचं उत्तर असतो. मला यात आपल्या जुन्या शाहिरांच्या सवाल-जवाबाची आठवण झाली. पुढचा कडवं कसं टाकतो त्यावर याचं कडवं.

निकाल? २००३ मध्ये नेव्हीने ८ सामने जिंकले, २००४ मध्ये १०. त्या २००४ च्या मोसमाअखेर सॅन फ्रान्सिस्कोत एमराल्ड बोल नावाचा सामना झाला, समोर न्यू मेक्सिको. त्यात नेव्हीने एकदा चेंडू हातात घेतला तो १४ मिनिटं २६ सेकंद सोडलाच नाही. २६ डाव, ९४ यार्ड. एक चतुर्थांश सामना असतो १५ मिनिटांचा! समोरच्या संघाचे फलंदाज, आपलं, चढाईवाले, अख्खा वेळ बाकावर बसून पाणी पीत होते. हा विक्रम ठरला. आणि हाही या पद्धतीचा एक फायदा: तुमच्यापेक्षा चांगल्या संघाला हरवायचं असेल तर त्याला खेळूच कमी द्या.

आता दादाने दाखवलेल्या मॅचकडे येतो. ३ नोव्हेंबर २००७, साउथ बेंड, इंडियाना. नेव्ही विरुद्ध नोत्र दाम.

नोत्र दाम म्हणजे १८४२ मध्ये होली क्रॉस संघाच्या फ्रेंच धर्मगुरूने स्थापन केलेलं कॅथलिक विद्यापीठ. नावाचा अर्थ 'आमची माउली', आपल्या बोलीत सायबिणीच्या नावाचं कॉलेज. आणि फुटबॉलमधलं मोठं घराणं. हे दोन संघ १९२७ पासून दर वर्षी भेटत आले होते, आणि त्याला एक कारण होतं. दुसऱ्या महायुद्धात विद्यार्थी सैन्यात गेले, वर्ग ओस पडले, कॉलेज पैशांअभावी अडचणीत आलं. तेव्हा नौदलाने आपल्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण तिथे सुरू केलं आणि कॉलेज तगलं. नोत्र दामने ते ऋण मानलं आणि ठरवलं: नेव्हीला हवं तोवर आम्ही त्यांच्याशी खेळणार. हा करार फार गोड वाटतो, पण मैदानात त्याचा अर्थ असा झाला की १९६३ नंतर नेव्ही नोत्र दामशी दर वर्षी खेळली आणि दर वर्षी हरली. सलग ४३ वेळा. १९६३ मध्ये जिंकलेल्या संघाचा क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबॅक व्हिएतनामला जाऊन आला, व्यावसायिक फुटबॉलमध्ये दिग्गज झाला, निवृत्त झाला, तरी पुढचा विजय आला नव्हता. बापाने हरलेली मॅच मुलाने हरावी इतका काळ.

खरं सांगायचं तर २००७ चा नोत्र दामचा संघ दुबळा होता. त्या मोसमात त्यांनी ३ जिंकले आणि ९ हरले. हे दादाने मला शेवटी सांगितलं, आधी सांगायला हवं होतं. पण दुबळा म्हणजे नोत्र दामच्या मानाने दुबळा. मैदानात दोन्ही संघ शेजारी उभे राहिले की कुठला मोठा हे सांगायला हिशोब लागत नव्हता.

ठरलेली वेळ संपली तेव्हा २८-२८. जादा खेळात प्रत्येक संघाला २५ यार्डांवरून एकेक संधी मिळते. पहिली फेरी बरोबरीत. दुसरीही. तिसऱ्या फेरीत नेव्हीची पाळी आली, आणि दिवसभर जमिनीवरून धावलेल्या या संघाने काय केलं असेल? पास! बचाव सगळा धावणाऱ्यांकडे झुकलेला, आणि ए-बॅक रेजी कॅम्पबेल चेंडू घेऊन टचडाउनच्या रेषेपलीकडे. वरचे दोन गुणही मिळाले. ४६-३८. नोत्र दामनेही टचडाउन केला, ४६-४४. तेव्हाच्या नियमानुसार तिसऱ्या फेरीपासून लाथेचा एक गुण चालत नसे, दोनसाठी घुसावंच लागे. ते घुसले. पहिल्यांदा नेव्हीकडून नियमभंग झाला म्हणून पुन्हा संधी मिळाली. पुन्हा घुसले, आणि नेव्हीच्या हलक्या मुलांनी त्यांना रेषेच्या अलीकडे धरलं.

मी दाद देताना एवढ्या जोराने ओरडलो की आई उठून बाहेर आली. सोळा-सतरा वर्षांपूर्वीची मॅच आहे हे तिला समजावणं शक्य नव्हतं.

पुढच्या आठवड्यात नेव्हीने नॉर्थ टेक्सासला ७४-६२ असं हरवलं, म्हणजे अडवणं हे त्यांचं बलस्थान नव्हतं हेही सांगून टाकतो. मोसम संपता संपता जॉन्सन जॉर्जिया टेकला गेला. तिथे पहिल्याच वर्षी, २००८ मध्ये, त्याने जॉर्जिया विद्यापीठाला त्यांच्याच मैदानात ४५-४२ हरवलं. त्याआधी टेक त्यांच्याशी सलग सात वेळा हरली होती. दादा अर्थात ही मॅचही दाखवायला निघाला होता, पण तोवर लाइट गेली.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की मग सगळेच हा डाव का खेळत नाहीत. कारण त्याची किंमत आहे. पहिली म्हणजे, हा रथ मागे पडला की लवकर पुढे येत नाही. दोन टचडाउनची पिछाडी आणि पाच मिनिटं उरलेली असताना चार-चार यार्ड करून चालणार नाही, आणि पास हा तुमचा रोजचा सराव नाही. पळताना मागे टाकलेला चेंडू निसटतो, तो धोका वेगळा. दुसरी, समोरच्याला तयारीला वेळ मिळाला की जादू ओसरते. मोसमात आठवडाभरात हे शिकणं कठीण, पण मोसमाअखेरच्या सामन्याआधी महिनाभर मिळतो. २००८ च्या शेवटी एलएसयूने टेकला ३८-३ असं झोपवलं, पुढच्या मोसमाअखेर आयोवाने २४-१४. कामवाटप पाठ असलेल्या बचावापुढे हा डाव चक्क साधा दिसतो. २०१४ च्या ऑरेंज बोलमध्ये मिसिसिपी स्टेटला ४९-३४ हरवून जॉन्सनने याला उत्तर दिलं, पण आक्षेप पूर्ण खोडला गेला असं मी म्हणणार नाही.

तिसरी किंमत मला जास्त बोचली. हलका लाइनमन जड माणसाला अडवणार कसा? कमरेखाली, पायांत झेप घेऊन. याला 'कट ब्लॉक' म्हणतात. नियमात बसत होतं, पण समोरच्यांचे गुडघे जातात अशी तक्रार वर्षानुवर्षं होत राहिली. कबड्डीत घोटा पकडणाऱ्याला आपण वाहवा देतो, त्यामुळे आधी मला यात काही गैर वाटलं नाही. मग आठवलं की आमच्या संघातला एक जण तशाच पकडीत गुडघा गमावून दोन वर्षं काठावर बसलाय. लहानांचा बचाव म्हणून जे वापरायचं त्याने दुसऱ्याचा पाय जात असेल तर? दादाचं मत, खेळ आहे, लागणारच. माझं अजून ठरलेलं नाही. नियम करणाऱ्यांचं ठरलं: २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये कमरेखालच्या अडवणुकीवर त्यांनी बंधनं घट्ट केली, आता ती फक्त लाइनच्या मधल्या पट्ट्यातच चालते. फ्लेक्सबोनचा अर्धा दात त्यामुळे पडला.

जॉन्सन २०१८ च्या मोसमाअखेर निवृत्त झाला आणि जॉर्जिया टेकने ही पद्धत सोडून दिली. इतकी वर्षं त्याला पत्रकार विचारत राहिले की हे जुनाट नाही का, असल्या खेळाकडे चांगली मुलं येतील का. २०२३ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं. पण मोकळा सोडलेला माणूस काही गेला नाही. आज जे संघ क्वार्टरबॅकला सेंटरपासून पाच यार्ड मागे उभं करून खेळतात, रिच रॉड्रिगेझने लोकप्रिय केलेल्या त्या पद्धतीत, तेही टोकाच्या एका बचावपटूला न अडवता त्याच्यावरूनच द्यायचं की ठेवायचं ते ठरवतात. कपडे नवे, माणूस तोच. आणि वेस्ट पॉइंटच्या सैनिकी अकादमीचा प्रशिक्षक जेफ मंकेन हा जॉन्सनच्याच हाताखाली तयार झालेला.

वेस्ट पॉइंट आणि अ‍ॅनापोलिस यांची मॅच दर वर्षी डिसेंबरात होते, शनिवारी दुपारी. आपल्याकडे तेव्हा रविवारचा पहाटेचा दीड वाजलेला असतो. गेल्या डिसेंबरात आम्ही हॉस्टेलवर सहा जणांनी ती एका मोबाइलवर पाहिली. पहिल्याच डावाला पाच जण ओरडले, "गेला, मधून गेला!" सहावी, आमच्या मंडळाची तीच संपादिका, दुसऱ्या मोबाइलवरून हॉस्टेलच्या पलीकडच्या इमारतीतून बघत होती. तिचा मेसेज आला: "उजवीकडचा शेवटचा. त्याला कुणी हात लावला नाही. चेंडू बाहेर."

तिने हा लेख कापला नाही.